परीक्षकांचा शेरा मी लिहिला

ज्या परीक्षकांनी तिचा प्रकल्प नाकारला असं मी तिला सांगितलं, ते परीक्षक नव्हतेच. प्रकल्प त्यांच्यापर्यंत गेलाच नव्हता. तो माझ्या पेनड्राइव्हमध्ये होता आणि पेनड्राइव्ह माझ्या शर्टाच्या खिशात. शेरा मी लिहिला. स्टाफरूममध्ये बसून, पाच मिनिटांत, लाल नाही, निळ्या पेनानं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर अठरा वर्षं एका टेबलावर डबा खातोय त्या सहकाऱ्यांना नाही. तिला तर नाहीच.

मी मुळशीतल्या एका विद्यापीठाच्या कला महाविद्यालयात मराठी शिकवतो. लवळ्याच्या टेकडीवर जी मोठमोठी विद्यापीठं आहेत, काचेच्या इमारती, हॉस्टेलं, कॉफीची दुकानं, तसलं आमचं नाही. आमचं रस्त्याच्या कडेला, तीन मजली, बाहेर वडापावची गाडी. आमच्याकडे येणारी मुलं पौड, माले, आजूबाजूच्या वाड्या इथून एसटीनं नाहीतर कोणाच्या तरी गाडीवर मागं बसून येतात. ज्यांना इंजिनिअरिंग झेपत नाही, कॉमर्सला जागा मिळत नाही, ती आर्ट्सला येतात असं सगळे म्हणतात. आम्ही प्राध्यापकही म्हणतो, फक्त मुलांसमोर म्हणत नाही.

शिकवण्याखेरीज माझ्याकडे एक काम आहे, ते म्हणजे कागद. दर काही वर्षांनी बाहेरून मूल्यांकन समिती येते, कॉलेजला श्रेणी देते. तिला दाखवायला प्राध्यापकांची आणि विद्यार्थ्यांची वर्षभराची कामगिरी लागते. कोणी पेपर वाचला, कोणाला बक्षीस मिळालं, कुठली व्याख्यानं झाली, कुठले दिन साजरे झाले. प्रत्येक गोष्टीचा अहवाल, उपस्थितांच्या सह्या आणि फोटो. फोटोवर खाली तारीख, वेळ आणि जागा छापून आली पाहिजे. त्याचं एक ॲप असतं. हे सगळं गोळा करणारा तो समन्वयक, म्हणजे मी. 'तुमचं अक्षर चांगलं आहे आणि तुम्ही वाद घालत नाही,' असं सांगून प्राचार्य मॅडमनी हे काम माझ्याकडे दिलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

ती दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या वर्गात आली. मालेजवळच्या एका वाडीतली. घरची भातशेती, त्यातली निम्मी विकलेली, उरलेल्या कडेला वडिलांनी चार खोल्या बांधून भाड्यानं दिलेल्या. घरातून कॉलेजात येणारी ती पहिलीच. पहिले काही महिने तिचा आवाज मी ऐकला नव्हता. मग एकदा मी वर्गात विचारलं, तुमच्या गावात अशी कोणती गोष्ट आहे जी पुस्तकात सापडणार नाही? नेहमीचं, मुलांनी जरा बोलावं म्हणून विचारलेलं. कोणी जत्रा म्हटलं, कोणी देवीचं ठाणं. ती मागून म्हणाली,

"सर, आमच्यात परत्येक खाचराला नाव हाय."

वर्ग हसला. तिच्या 'हाय'ला हसला. खाचर म्हणजे भाताचं बांध घातलेलं शेत, हे हसणाऱ्या निम्म्या पोरांना घरूनच माहीत होतं. ती लाल झाली, पण थांबली नाही.

"भांडण्याचं, नवरीचं, वाघबसणी. एकेकाची गोष्ट हाय. आता विकल्यावं ते नाव घ्यायला कोन न्हाई."

तास संपल्यावर मी तिला थांबवलं आणि म्हणालो, ही नावं लिहून काढ. आज विचार केला की वाटतं, नोकरीत मी एकच खरं शिक्षकाचं काम केलं, ते एवढंच वाक्य.

उरलेलं वर्षभर तिनं ती नावं गोळा केली. सुट्टीत, रविवारी, परीक्षेच्या आधीच्या आठवड्यातसुद्धा. आजूबाजूच्या चार वाड्या पालथ्या घातल्या. नुसती नावं नाही; नाव का पडलं, कोणी पाडलं, कोणाला ते मान्य नाही, आता तिथं काय आहे. 'नवरीचं' या खाचराच्या दोन गोष्टी होत्या. एका भावकीच्या मते ते लेकीला आंदण दिलेलं, दुसऱ्या भावकीच्या मते लग्नाच्या वरातीनं पीक तुडवलं म्हणून पडलेलं नाव. तिनं दोन्ही लिहिल्या आणि कोण कुठली सांगतं यावरून बांधाचा वाद कसा चालत आलाय हेही लिहिलं. हे मी शिकवलेलं नव्हतं. तिला आपलं आपण दिसलेलं.

एकदा तिच्या आग्रहानं मीही गेलो होतो तिकडे. तिचा चुलता बांधावर उकिडवा बसून आमच्याकडे बघत होता.

"मास्तर, ही पोरगी येडी झालीया का तुमीच लावलंय हे?"

"तीच करतीये. मी नुसता बघतोय," मी म्हणालो.

"आगं, सातबाऱ्यावं गट नंबर हाय की! त्यो लिव. त्याला भाव येतो. वाघबसणीला कोन पैसं देनार हाय?"

"काका, वाघ बसलेला का खरंच, ते सांगा आधी," ती म्हणाली.

"वाघ न्हाई, तुजा आजा बसायचा तितं. काम चुकवून!" असं म्हणून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग तंबाखू थुंकून हळूच म्हणाला, "पर नाव वाघाचंच लिव. मास्तरांच्या पुढ्यात आज्याची इज्जत नगं घालवू."

तिनं दोन्ही लिहिलं. मी त्या दिवशी येताना बसमध्ये अगदी हलका झालो होतो. आपल्या हातून काहीतरी होतंय असं वाटत होतं. ते वाटणं फार दिवस टिकलं नाही, पण होतं.

त्या वर्षी राज्यातल्या कॉलेजांसाठी एक संशोधन स्पर्धा होती. प्रत्येक विषयात कॉलेजातून एकच प्रकल्प पाठवायचा, तोही समन्वयकाच्या लॉगिनमधूनच. भाषा आणि समाज या गटात मी तिचा ठरवला. तिनं पानं स्वतःच्या हातानं पुन्हा लिहून काढली, आम्ही स्कॅन केली, संगणकावर घेतली. फॉर्म भरला, तिची सही, माझी सही. फक्त अपलोड करायचं राहिलं होतं. शेवटचा दिवस, पाच वाजेपर्यंत. कॉलेजचं इंटरनेट सकाळी चालत नाही, म्हणून मी मोबाइलवर दुपारी तीनची आठवण लावून ठेवली.

आता त्या दुपारचं सांगतो.

वर्ष-दीड वर्षात समिती येणार म्हणून आम्ही फाइली तपासत होतो, तर आधीच्या सत्रातले तीन कार्यक्रम कागदावर होते आणि फोटो एकाचाही नव्हता. कार्यक्रम झालेच नव्हते, म्हणून फोटो नव्हते. मराठी भाषेचा पंधरवडा, महिलांसाठी व्याख्यान आणि मतदार जागृती. मॅडम म्हणाल्या, "अहो, समितीला कागद दिसतो. कार्यक्रम त्यांनी कुठं बघितलाय? आज दुपारी उरकून टाका."

उरकायचं म्हणजे काय, ते आमच्यासारख्या कॉलेजांत सगळ्यांना माहीत असतं. एकच सभागृह, तीच साठ मुलं, तीन बॅनर. पहिला फोटो झाला की पुढची रांग मागं, मागची पुढं. पहिल्या कार्यक्रमाला खिडक्या उघड्या, दुसऱ्याला बंद, म्हणजे उजेड वेगळा दिसतो. पाहुणे आमचेच: भाषेसाठी पौडचे एक निवृत्त बँक अधिकारी, महिलांसाठी ग्रंथालयाच्या बाई, मतदारांसाठी इतिहासाचे सर. आणि फोटोखाली आधीच्या सत्रातली तारीख उमटावी म्हणून मोबाइलची तारीख मागं न्यायची. बॅनर बदलला की तारीख बदलायची. ते मी करत होतो. मला ते चांगलं येतं.

आमचे शिपाई मामा शिडीवर उभे. खाली बघून ओरडले, "सर, आता बाई लावू का मतदार?"

"बाई लावा."

"मतदार आधी लावला असता तर त्यात बाई आपोआप आली असती," मामा म्हणाले आणि सगळं सभागृह खदखदून हसलं. त्या फोटोत मुलं फार छान हसतायत. समितीतल्या एकानं पुढं त्या फोटोचं कौतुकही केलं, 'विद्यार्थ्यांचा सहभाग उत्स्फूर्त दिसतो' म्हणून.

तीही होती तिथं. पहिल्या कार्यक्रमात दुसऱ्या रांगेत, मग मागं, मग पुन्हा पुढं. रांगा बदलताना माझ्याजवळून जाताना तिनं विचारलं होतं, "सर, आज शेवटची तारीख ना?"

"आठवण लावलीये. तू काळजी करू नको."

आणि ती जाऊन टाळ्या वाजवायला बसली.

आठवण वाजलीच नाही. मोबाइलच्या लेखी तो दिवस उजाडलाच नव्हता. मी त्याला आधीच्या सत्रात नेऊन ठेवलं होतं आणि परत आणायचं विसरलो होतो. मतदार जागृती संपली, बँकेच्या साहेबांना चहा, शाल. मग सह्यांचे कागद, पुन्हा तीच साठ नावं तीन वेगळ्या पेनांनी. मग मॅडमच्या केबिनमध्ये फोटो दाखवणं. सात वाजता घरी पोचून, बाहेर गेलेल्या बायकोला मेसेज करायला गेलो तर व्हॉट्सॲप उघडेना. 'तुमच्या फोनची तारीख चुकीची आहे' असं काहीतरी आलं. चपला पायात होत्या. मी तसाच दारात उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी स्पर्धेच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "सर, लिंक बंद झाली. आम्हालाही उघडता येत नाही." मी खूप विनवलं नाही. विनवणी करायची तर कारण सांगावं लागलं असतं.

तेव्हाच तिला सांगितलं असतं तर काय झालं असतं? ती रडली असती. वर्गात कदाचित दोन दिवस माझ्याकडे बघितलं नसतं. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवलं असतं. मी हा हिशेब तेव्हाही केला होता, बरोबर केला होता. पण ती सकाळी जिन्यात भेटली आणि म्हणाली, "सर, गेलं का?" आणि मी "हो, गेलं" म्हणालो. का म्हणालो ते मला सांगता येत नाही. जिना चढत होतो, मागं मुलं होती, उशीर झाला होता. ही कारणं नाहीत, पण दुसरी सापडत नाहीत.

तीन-चार आठवड्यांनी निकाल लागले. निवडलेल्यांची यादी आली, त्यात तिचं नाव असायचा प्रश्नच नव्हता. ती स्टाफरूमच्या दारात आली. मी म्हणालो, निवड झाली नाही.

ती म्हणाली, "का, ते कळंल का सर? म्हणजे काय चुकलं ते."

"परीक्षकांचे शेरे असतात," मी म्हणालो. हे खोटं तर मी ठरवलंही नव्हतं.

"मग लिहून द्या ना. मला सुधारता येईल. पुढच्या वर्षी."

ती दारात उभी राहिली आणि मी संगणकावरून उतरवून घेतोय असं दाखवत कागद ओढला. परीक्षकासारखं लिहायचं म्हणजे कसं ते मला पाठ होतं. आयुष्यभर तेच वाचलंय, तेच लिहिलंय. मी लिहिलं: 'विषय अतिस्थानिक. माहितीचे संकलन आहे, संशोधन नाही. निष्कर्षांना सैद्धांतिक आधार नाही. लेखनावर बोलीचा प्रभाव जाणवतो. प्रमाणभाषेवर प्रभुत्व आवश्यक.' शेवटचं वाक्य लिहिताना मी थबकलो होतो. पण त्याच्याशिवाय शेरा खरा वाटत नव्हता. बाहेरच्या कोणीतरी वाचलंय असं वाटायला बाहेरच्यासारखं काहीतरी दुखवणारं हवं, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

तिनं कागद वाचला. घडी घालून वहीत ठेवला.

"खरं सांगितलंत, बरं झालं सर," ती म्हणाली. "बाकीचे नुसतं छान छान म्हणतात."

पुढच्या वर्षी मी तिला पुन्हा पाठवू म्हणालो, तर नको म्हणाली. अभ्यास आहे म्हणाली. तिसऱ्या वर्षाला ती वर्गात पुढं बसायची आणि काही बोलायची नाही. एकदा प्रश्नाचं उत्तर द्यायला उभी राहिली, 'आहे' म्हणाली, आणि त्यावर कोणी हसलं नाही. तो 'आहे' आठवडाभर माझ्या डोक्यातून गेला नाही.

वार्षिक अहवाल मीच लिहितो. विद्यार्थ्यांच्या कामगिरीत संशोधनाचा रकाना रिकामा होता. मॅडम म्हणाल्या, "एक तरी दाखवा हो." मी लिहिलं: 'राज्यस्तरीय संशोधन स्पर्धेत सहभाग, एक विद्यार्थिनी.' पुरावा म्हणून तिचा भरलेला फॉर्म आणि तिच्या हातच्या पानांची प्रत फाइलला लावली. म्हणजे तिला जे मिळालं नाही ते कॉलेजला मिळालं.

समिती आली तेव्हा ती बीए होऊन गेली होती. तीन सदस्य होते. त्यातल्या एक वयस्कर बाई परराज्यातल्या विद्यापीठात होत्या, पण माहेर सीमाभागातलं, मराठी झरझर वाचायच्या. बाकीचे दोघे फोटो बघत पुढं गेले. या बाई संशोधनाच्या फाइलपाशी बसल्या आणि उठेनात. चहा आला, गार झाला. मॅडमनी मला डोळ्यांनी खुणावलं, पुढं न्या म्हणून.

"हे कोणी केलंय?" बाईंनी विचारलं.

"आमची एक विद्यार्थिनी, मॅडम. स्पर्धेत सहभाग होता."

"आणि बक्षीस नाही दिलं?"

"नाही."

"कोण होते परीक्षक?" त्या जरा चिडूनच म्हणाल्या. मी गार झालेला चहा बाजूला सरकवला. त्यांनी मान हलवली. "बोलीतली वाक्यं तशीच ठेवलीत हिनं. मोठमोठ्यांना जमत नाही ते. कुठंय ही मुलगी? मला भेटायचंय."

"पास होऊन गेली, मॅडम."

"मग फोन लावा की."

तिचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता, मोबाइल हातात होता. मी म्हणालो, "नंबर बदललाय तिचा."

बाईंनी झेरॉक्स मागितली. मी स्वतः जाऊन काढून आणली. चार महिन्यांनी त्यांचा मेल आला: एका नियतकालिकाच्या अंकात हे छापायची इच्छा आहे, मुलीची संमती कळवा, हवं तर तिला पुढं शिकायलाही आमच्याकडे काही करता येईल. मी मेल वाचला. तिला कळवायचं तर ती विचारणार, मग त्या परीक्षकांनी तसं का म्हटलं? आणि मला उत्तर द्यावं लागणार. मी ठरवलं, सोमवारी बघू. तो सोमवार गेला. उत्तर गेलं नाही. पुन्हा मेल आला नाही.

आमच्या कॉलेजला चांगली श्रेणी मिळाली. स्नेहसंमेलनात माझा सत्कार झाला, उत्कृष्ट समन्वयक म्हणून. शाल, नारळ, आणि मॅडमनी माईकवर सांगितलं की सर बोलत नाहीत, पण काम बोलतं. टाळ्या झाल्या. त्या वर्षीच्या अहवालात प्राध्यापकांच्या कामगिरीत पहिलं नाव माझं आहे. तेही मीच टाइप केलंय.

गेल्या जूनमध्ये ती कॉलेजात आली. बरोबर धाकटी बहीण, बारावी झालेली, प्रवेशासाठी. मी तिला ओळखलं नाही आधी. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, केस छोटे. हिंजवडीला एका कंपनीत रिसेप्शनवर असते. सकाळी कॅब घ्यायला येते, सांगत होती, "ट्रॅफिक इतकं असतं ना सर, दीड तास तर त्यातच जातो." बोलणं स्वच्छ, पुण्यातल्या मुलींसारखं. मध्येच फोन आला तर हिंदीत बोलली. मालेचा एक शब्द त्यात नव्हता. मी कान देऊन ऐकत होतो, एखादा तरी निसटेल म्हणून.

वडिलांनी उरलेली खाचरंही विकली. चुलता दोन वर्षांपूर्वी गेला. तिनं हे सांगितलं आणि मी 'अरेरे' म्हणालो.

"सर, हिचं एक काम होतं तुमच्याकडे," ती म्हणाली. "हिला पण वेड आहे लिहायचं. म्हणते आर्ट्सलाच जाणार. मी म्हटलं, आधी सरांना दाखव. सर तोंडावर खरं सांगतात. गोड बोलत नाहीत."

बहीण हसली. तिच्या बोलण्यात मात्र गाव तसाच होता. "ताई लई सांगती तुमचं. म्हनती, सरांनी मला एकदाच सांगितलं आन् माझे डोळे उघडले."

"काय सांगितलं होतं?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

थोरली सहज म्हणाली, जसा आपण पत्ता सांगतो तसं. "विषय अतिस्थानिक. माहितीचे संकलन आहे, संशोधन नाही. निष्कर्षांना सैद्धांतिक आधार नाही. लेखनावर बोलीचा प्रभाव जाणवतो." मग थोडं हसून, "प्रमाणभाषेवर प्रभुत्व आवश्यक. ते तर मी मनावरच घेतलं सर. इंटरव्ह्यूला त्याचाच उपयोग झाला."

शब्द न् शब्द बरोबर होता. माझ्या लक्षात नव्हता इतका तिच्या होता.

खोलीत आम्ही तिघंच होतो. दार लोटलेलं. कोणी येणार नव्हतं, तास चालू नव्हते. सांगायला याच्याहून चांगली वेळ माणसाला मिळत नाही. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "चहा घेणार का तुम्ही?"

चहा मागवला. बहिणीनं वही दिली. मी वाचली. भाडेकरूंबद्दल लिहिलं होतं तिनं, त्यांच्या चार खोल्यांत येऊन गेलेल्या माणसांबद्दल: बिहारचे गवंडी, कंपनीत राबणारी नवरा-बायको, कोण काय मागं टाकून गेलं ते. धाटणी वेगळी होती, पण नजर तीच. चांगलं होतं. मी मान वर केली आणि म्हणालो, "चांगलं आहे. फार चांगलं आहे."

थोरलीनं कप खाली ठेवला.

"सर, खरं सांगा. तिला बरं वाटावं म्हणून नको."

"खरंच सांगतोय. हिला आर्ट्सला येऊ दे. मी लक्ष देईन."

"मला सांगितलं तसं सांगा ना. काय कमी आहे ते."

"कमी काही नाही गं."

ती हसली. तिच्या हसण्यात राग नव्हता, उलट माझ्याबद्दल माया होती. "सर, तुम्ही आता नरम झालात," ती म्हणाली. बहिणीकडे वळून म्हणाली, "बघितलंस? सरांचं वय झालं. पूर्वी असं बोलले नसते."

बहिणीनं वही पिशवीत टाकली. मी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, दोनदा, वाक्यं वेगवेगळी करून. मी जितकं चांगलं म्हणत गेलो तितकं ते तिला खोटं वाटत गेलं. तिनं विश्वास ठेवला होता तो त्या शेऱ्यातल्या माझ्यावर. तो शेरा खोटा होता हे सांगितल्याशिवाय मी आता तिला खरं काहीच सांगू शकत नव्हतो.

प्रवेशाची शेवटची तारीख आली तेव्हा मी याद्या बघितल्या. बहिणीचं नाव आमच्याकडे नव्हतं. पौडमध्ये कुणीतरी सांगितलं, ती पुण्यात कसलासा संगणकाचा कोर्स करतीये, सहा महिन्यांचा. मग ताई कंपनीत बघणार आहे तिचं. ती अजून लिहिते का, कोणाला माहीत नव्हतं. कोणाला विचारणार?

दिवाळीत तिचा मेसेज आला होता, शुभेच्छांचा. खाली लिहिलं होतं, 'सर, तब्येतीला जपा.' मी दोन हात जोडलेलं चिन्ह पाठवलं. त्याच्या खाली लिहायला जागा होती. मी दहा-बारा वेळा सुरुवात केली आणि पुसली. कधी वाटतं, आता सांगून काय उपयोग; खाचरं विकली गेली, चुलता गेला, त्या समितीतल्या बाईही आता निवृत्त असतील. कधी वाटतं, हेही मी स्वतःला सोयीचं म्हणून सांगतोय. दोन्ही खरं असेल.

मला तिला एवढं सांगायचं राहिलंय: तुझा प्रकल्प कोणी नाकारला नाही. तो मी पाठवला नाही. शेरा माझा होता, त्यातलं एकही वाक्य कोणा परीक्षकाचं नव्हतं आणि माझंही तसं मत नव्हतं. बाहेरून आलेल्या एकाच बाईंनी तुझा प्रकल्प वाचला आणि त्यांना तुला भेटायचं होतं; तो निरोप मी तुझ्यापर्यंत येऊ दिला नाही. तुझ्या बहिणीच्या वहीबद्दल मी खरं बोललो होतो. हे मी तिच्या समोर बसून, तोंडानं सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.